कर्करोगाच्या संशोधनात बायोकेमिस्टला जागा उरली आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे: बायोकेमिस्ट्रीत एम.एस्सी. झालं आहे, कर्करोगावर संशोधन करायची मनापासून इच्छा आहे, पण जिकडेतिकडे जीनोम सिक्वेन्सिंग (पेशीतला सगळा डीएनए वाचणं) आणि संगणकावरच्या विश्लेषणाचाच बोलबाला दिसतो. अशा काळात प्रथिनं शुद्ध करणाऱ्या, एन्झाइमचा वेग मोजणाऱ्या माणसाला काम उरलं आहे का? आणि उरलं असेल तर पीएचडीपासून पुढे हे आयुष्य प्रत्यक्षात कसं जातं?

पहिल्या भागाचं उत्तर एका उदाहरणाने देते, कारण याहून स्वच्छ उदाहरण मला माहीत नाही.

२००८ साली ग्लायोब्लास्टोमा या मेंदूच्या गाठींचा जीनोम वाचताना आयडीएच-१ नावाच्या जनुकात पुन्हा पुन्हा एकाच ठिकाणी बदल दिसला. त्याच्या प्रथिनातलं १३२ क्रमांकाचं अमिनो आम्ल, आर्जिनिन, गेलेलं आणि त्या जागी बहुतेक वेळा हिस्टिडिन आलेलं. हे एन्झाइम तुम्हाला चांगलंच ओळखीचं आहे. क्रेब्ज चक्रात आयसोसायट्रेटपासून अल्फा-कीटोग्लुटरेट बनवणारं जे एन्झाइम आपण पाठ करतो, त्याचंच हे पेशीद्रवातलं भावंड. सिक्वेन्सिंगने सांगितलं ते इतकंच. बदलामुळे एन्झाइम निकामी झालं असावं असा पहिला अंदाज होता, आणि मोजून पाहिलं तर नेहमीची क्रिया खरोखरच मंदावलेली होती. तरी हिशेब जुळत नव्हता. एखादं जनुक नुसतं बंद पाडायचं असेल तर ते शेकडो ठिकाणी मोडता येतं. मग गाठींना दरवेळी नेमकी तीच जागा का लागावी? आणि दोन प्रतींपैकी एक प्रत धडधाकट का राहावी?

याचं उत्तर २००९ मध्ये मिळालं, आणि ते डीएनए आणखी वाचून मिळालेलं नाही. हे बदललेलं एन्झाइम असलेल्या पेशींमधले लहान रेणू मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजले, तेव्हा एरवी नाममात्र असणारं २-हायड्रॉक्सीग्लुटरेट प्रचंड प्रमाणात साठलेलं दिसलं. बदललेलं एन्झाइम मेलेलं नव्हतं, ते नवीनच काम करत होतं. अल्फा-कीटोग्लुटरेट घ्यायचं, एनएडीपीएच हा इलेक्ट्रॉन पुरवणारा रेणू खर्चायचा आणि हा पदार्थ तयार करायचा. तो दिसायला अल्फा-कीटोग्लुटरेटसारखाच असल्याने ज्या एन्झाइमांना ते लागतं त्यांच्या जागेत जाऊन बसतो. डीएनएवरचे आणि तो ज्यांवर गुंडाळलेला असतो त्या हिस्टोन प्रथिनांवरचे मिथाइल गट काढणारी एन्झाइमं त्यातच येतात. ती अडली की पेशीची परिपक्व होण्याची वाट अडते. या बदललेल्या एन्झाइमला रोखणारं आयव्होसिडेनिब हे औषध २०१८ मध्ये अमेरिकेत एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झालं.

बायोकेमिस्टची जागा नेमकी इथे आहे: बदल सापडल्यानंतर आणि औषध हाती येण्याआधी. सिक्वेन्सिंगमुळे आपलं काम कमी झालेलं नाही, त्याचा ढीग लागला आहे. गाठींमध्ये नोंदल्या गेलेल्या बहुसंख्य बदलांचा त्या त्या प्रथिनाच्या कामावर काय परिणाम होतो, हे कुणी मोजलेलं नाही. संगणक आता प्रथिनाचा आकार पुष्कळ चांगला सांगतो. त्या कामाला २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेलही मिळालं. पण प्रथिन कुणाला किती घट्ट धरतं, किती वेळ धरून ठेवतं, कशाच्या उपस्थितीत सोडतं आणि पेशीतल्या खऱ्या प्रमाणात हे सगळं घडतं का, याची उत्तरं अजून परीक्षानळीतूनच येतात.

आता प्रश्नाचा दुसरा भाग.

‘मला कर्करोगावर काम करायचं आहे’ हे वाक्य मी प्रवेशाच्या मुलाखतींमध्ये सतत ऐकते. त्यामागची तळमळ खरी असते. पुष्कळदा घरात कुणाचं तरी आजारपण जवळून पाहिलेलं असतं. मी ते वाक्य कधीच हलक्यात घेत नाही. पण त्या वाक्यावर पीएचडी उभी राहत नाही, कारण कर्करोग हा एक रोग नाही आणि त्यात एक प्रश्नही नाही. मी उमेदवाराला विचारते, कुठला रेणू? तो काय करतो असं तुम्हाला वाटतं? तसं नसेल तर ते कशावरून कळेल? या तीन प्रश्नांची कच्ची का होईना उत्तरं असतील तर पुढचं बोलणं सुरू होतं. रोगापेक्षा रेणू धरा, हा माझा सल्ला आहे. तो मी अगदी ठामपणे देते, कारण या क्षेत्रातली फार मोठी कामं अशा लोकांच्या हातून झाली आहेत ज्यांच्या मूळ प्रश्नात कर्करोग हा शब्दही नव्हता.

आव्राम हेर्शको या इस्रायली बायोकेमिस्टचं उदाहरण घ्या. पेशी स्वतःचीच प्रथिनं तोडते तेव्हा ऊर्जा का खर्च करते, एवढाच त्यांचा प्रश्न होता. प्रथिन तोडायला खरं तर एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागायला नको. जठरातल्या पेप्सिनला कुठे लागतं? तरीही जिवंत पेशीत लागतं, हे १९५३ पासून माहीत होतं आणि बहुतेकांनी त्याकडे दुर्लक्ष केलं होतं. हेर्शको यांनी पोस्टडॉक (पीएचडीनंतर दुसऱ्याच्या लॅबमध्ये काम करणारे संशोधक) असताना हा प्रश्न उचलला आणि हैफाला परतून स्वतःची लॅब सुरू केल्यावरही सोडला नाही. त्यांनी सशाच्या अपरिपक्व लाल रक्तपेशींचा अर्क घेतला. या पेशींमध्ये लायसोसोम (प्रथिनं पचवणाऱ्या पिशव्या) नसतात, त्यामुळे तिथे प्रथिन तुटलं तर ते दुसऱ्याच कुठल्या तरी यंत्रणेने तुटतं हे नक्की. अर्क स्तंभातून सोडून त्याचे दोन भाग केले. दोन्ही भाग एकेकटे निकामी ठरले. एकत्र केले की प्रथिन तोडण्याची क्रिया परत आली. पहिल्या भागातला नेमका कोणता घटक लागतो हे शोधायचं, तर त्यात हिमोग्लोबिन इतकं की दुसरं काही दिसेना. मग त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी आरोन चेखानोव्हर यांनी तो भाग तापवला. हिमोग्लोबिन गोठून खाली बसलं आणि हवा असलेला घटक द्रावणात शाबूत राहिला. बहुतेक प्रथिनं तेवढ्या उष्णतेत टिकत नाहीत, हे टिकलं. पुढे ओळख पटली ती ७६ अमिनो आम्लांच्या युबिक्विटिनची. जे प्रथिन तोडायचं त्यावर युबिक्विटिनची साखळी चढते, आणि ती पाहून प्रोटिएसोम नावाची यंत्रणा त्याचे तुकडे करते.

या कामाचा बराच भाग फिलाडेल्फियातल्या फॉक्स चेस कर्करोग केंद्रात अर्विन रोझ यांच्यासोबत झाला. तिघांना २००४ चं नोबेल मिळालं. त्याच्या आदल्याच वर्षी, २००३ मध्ये, प्रोटिएसोमला रोखणारं बॉर्टेझोमिब हे औषध मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी मंजूर झालं होतं. मायलोमाच्या पेशी प्रतिपिंडं (अँटीबॉडीज) ढिगाने तयार करतात. त्यांतली बिघडलेली प्रथिनं तोडायची सोय बंद झाली की त्या पेशी इतर पेशींपेक्षा लवकर कोलमडतात. प्रत्येक जुन्या प्रश्नाच्या शेवटी औषध असतं असं मी म्हणत नाही. पण हेर्शको यांनी ‘कर्करोगाशी संबंध काय?’ असं विचारून पहिल्याच वर्षी विषय बदलला असता तर हे औषध त्या वाटेने आलं नसतं.

रेणू धरून बसणं म्हणजे रोजच्या कामात काय, हे आणखी जवळून दाखवते. १९११ मध्ये पेटन राऊस यांनी कोंबड्यांमधली गाठ पेशीविरहित अर्कातून दुसऱ्या कोंबडीत जाते असं दाखवलं; ती पसरवणाऱ्या विषाणूतलं गाठ निर्माण करणारं जनुक म्हणजे सार्क. १९७६ मध्ये बिशप आणि वार्मस यांच्या गटाने दाखवलं की हे जनुक मुळात निरोगी पेशीतलंच आहे, विषाणूने ते उचललेलं आहे. ही मोठी झेप होती, पण त्या जनुकाचं प्रथिन करतं काय हे अंधारातच होतं. १९७८ मध्ये कोलेट आणि एरिकसन यांनी गाठी असलेल्या सशांच्या रक्तातली प्रतिपिंडं वापरून ते प्रथिन अर्कातून बाहेर ओढलं आणि त्यात किरणोत्सारी एटीपी घातलं. ज्या प्रतिपिंडाने सार्कला पकडलं होतं, त्या प्रतिपिंडाच्याच जड साखळीवर किरणोत्सारी फॉस्फेट चढलेलं दिसलं. म्हणजे सार्क हे कायनेज होतं: दुसऱ्या प्रथिनावर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम.

फॉस्फेट कोणत्या अमिनो आम्लावर चढतं? तोपर्यंत सेरीन आणि थ्रिओनीन हीच दोन उत्तरं माहीत होती, आणि सुरुवातीला थ्रिओनीनच वाटलं होतं. टोनी हंटर १९७९ मध्ये पॉलिओमा विषाणूच्या एका प्रथिनावर हीच परीक्षा करत होते. प्रथिन आम्लात फोडायचं, तुकडे पातळ पट्टीवर ठेवून विद्युतप्रवाहाने सरकवायचे आणि डाग कुठे पडतो ते पाहायचं. बफरचा (आम्लता स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाचा) सामू, म्हणजे पीएच, १.९ असायला हवा होता. वापरून वापरून तो १.७ पर्यंत उतरला होता. १.९ ला फॉस्फोटायरोसीन, म्हणजे फॉस्फेट चढलेलं टायरोसीन हे अमिनो आम्ल, आणि फॉस्फोथ्रिओनीन एकाच जागी सरकतात, १.७ ला वेगळे होतात. त्यामुळे डाग भलत्याच जागी पडला. ही गोष्ट नशिबाची म्हणून सांगितली जाते आणि मला ते पटत नाही. भलत्या जागी डाग पडलेल्या पट्ट्या प्रत्येक लॅबमध्ये रोज टाकून दिल्या जातात. हंटर यांनी टायरोसीनवर फॉस्फेट असू शकेल असा विचार केला, फॉस्फोटायरोसीन स्वतः बनवलं, शेजारी चालवलं आणि दोन्ही डाग जुळतात का ते पाहिलं. पुढे सार्कचंही तेच निघालं. निरोगी पेशीत प्रथिनांवरच्या एकूण फॉस्फेटपैकी टायरोसीनवरचं फॉस्फेट सुमारे ०.०३ टक्के असतं. सार्कमुळे बदललेल्या पेशीत ते कित्येक पटींनी वाढतं. इतकी क्षुल्लक वाटणारी रक्कम, आणि तिच्यावर आज औषधांचा एक अख्खा वर्ग उभा आहे. त्यातलं सर्वांत गाजलेलं इमॅटिनिब २००१ मध्ये आलं. क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया या रक्ताच्या कर्करोगात ९ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होऊन बीसीआर-एबीएल हे टायरोसीन कायनेज बनतं, त्याला ते रोखतं.

माझ्या लॅबमध्ये नव्याने आलेल्या विद्यार्थ्याला मी सुरुवातीलाच असाच एक प्रयोग करायला लावते. पेशींच्या अर्कातून प्रतिपिंडाने एक कायनेज मण्यांवर ओढायचं, धुवायचं, एटीपी आणि एक लक्ष्य प्रथिन घालायचं आणि फॉस्फेट किती चढलं ते मोजायचं. सोबत दुसरी नळी असते. तिच्यात तेच कायनेज, पण एटीपी धरणाऱ्या जागेतलं लायसीन बदलून निकामी केलेलं. पहिल्या नळीत संकेत येतो आणि विद्यार्थी खूश होतो. मग दुसरी नळी पाहतो. मेलेल्या एन्झाइमच्या नळीतही संकेत आहे, थोडा कमी, पण आहे. इथे खरं शिक्षण सुरू होतं. काही जण म्हणतात, कमी आहे ना, मग वजा करून टाकू. मी ते करू देत नाही. मेलेलं एन्झाइम काम करू शकत नाही. त्याअर्थी मण्यांवर दुसरं कुणीतरी कायनेज चिकटून आलं आहे आणि पहिल्या नळीतलं किती काम त्याचं हे आपल्याला माहीत नाही.

मग धुण्याच्या बफरमधलं मीठ १५० मिलिमोलरवरून ५०० वर नेऊन पाहायचं. सैल चिकटलेले पाहुणे सुटतात. सुटले नाहीत तर जीवाणूंमध्ये किंवा कीटकपेशींमध्ये शुद्ध कायनेज बनवून तोच प्रयोग करायचा. आणि हे सगळं करून झाल्यावर एक प्रश्न उरतोच: तो पाहुणा कोण होता? घट्ट चिकटून आलेला पाहुणा कधी कधी मूळ एन्झाइमपेक्षा महत्त्वाचा निघतो, कारण पेशीतही ते दोघं जोडीनेच वावरत असतात. माझ्या एका विद्यार्थिनीचा सगळा प्रबंध अशा पाहुण्यावर झाला.

या कामात खबरदारीच्या गोष्टी पुष्कळ आहेत आणि त्या लॅबमध्ये शिकता येतात. दोन मात्र इथेच सांगते. अर्क बर्फावर काढा आणि त्यात फॉस्फेट काढून टाकणाऱ्या एन्झाइमांना रोखणारी रसायनं सुरुवातीपासून घाला. पेशी फोडल्यावर काही मिनिटांत चित्र बदललेलं असतं. शस्त्रक्रियेतून आलेल्या ऊतीचं तर आणखी कठीण. गाठीचा रक्तपुरवठा तुटल्या क्षणापासून फॉस्फेटचं चित्र बदलू लागतं. नमुना गोठवेपर्यंत किती वेळ गेला हे ज्याच्या नोंदीत नाही, त्या नमुन्यावरून कायनेजबद्दल निष्कर्ष काढू नका. शल्यचिकित्सक आणि विकृतिशास्त्रज्ञ यांच्याशी ओळख करून, त्यांच्या वेळेला जाऊन उभं राहणं हा आपल्या कामाचाच भाग आहे. नमुना रुग्णाने दिलेला असतो. तो निष्काळजीपणे वाया घालवण्याचा अधिकार आपल्याला नाही.

आता थोडं अविश्वासाबद्दल. या क्षेत्रात चुकीचे निष्कर्ष पुष्कळ साठले आहेत, आणि बायोकेमिस्टने त्यात भर घालू नये ही माझी कळकळीची इच्छा आहे. १९५१ पासून वाढवल्या जाणाऱ्या हेला नावाच्या कर्करोगाच्या पेशी इतक्या जोमदार आहेत की त्यांनी दुसऱ्या असंख्य पेशींच्या बाटल्या बळकावल्या. हे पहिल्यांदा उघड कसं झालं? १९६० च्या दशकात स्टॅनली गार्टलर यांनी जी-६-पीडी या एन्झाइमचे प्रकार वेगवेगळ्या पेशींमध्ये तपासले. निरनिराळ्या माणसांच्या, निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून विकल्या-वापरल्या जाणाऱ्या पेशींत तोच एक प्रकार निघाला, जो हेलामध्ये होता. म्हणजे हा घोटाळा एका एन्झाइमने पकडला. आज पेशींची ओळख डीएनएमधल्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यांच्या (एसटीआर) चाचणीने पटवता येते. तरीही ती न करता वर्षानुवर्षं काम करणाऱ्या लॅब आहेत. तुम्ही ज्या लॅबमध्ये जाल तिथे पहिल्याच आठवड्यात विचारा: पेशींची ओळख शेवटची कधी तपासली? मायकोप्लाझ्माची (पेशींत नकळत शिरणाऱ्या जीवाणूची) तपासणी किती दिवसांनी होते? प्रतिपिंड ज्या प्रथिनाचं म्हणून वापरता, ते जनुक काढून टाकलेल्या पेशींत त्याचा पट्टा (संकेत) नाहीसा होतो हे कुणी पाहिलं आहे का? उत्तर देताना समोरचा चिडला तर तेही एक उत्तर आहे.

पी-५३ ची कथा याच जातीची आहे. १९७९ मध्ये हे प्रथिन सापडलं आणि दहा वर्षं ते कर्करोग घडवणारं जनुक म्हणून ओळखलं जात होतं. कारण लॅबमध्ये फिरत असलेले बरेचसे क्लोन (जनुकाच्या प्रती) गाठींच्या पेशींतून आलेले, म्हणजे बदललेले होते. १९८९ च्या सुमारास निरोगी पी-५३ वापरून पाहिलं तेव्हा ते उलट पेशींची अनियंत्रित वाढ रोखणारं निघालं. आज माणसाच्या कर्करोगांत सर्वाधिक वेळा बिघडलेलं आढळणारं जनुक म्हणून ते ओळखलं जातं. हुशार, प्रामाणिक लोक दहा वर्षं उलट्या दिशेने गेले, कारण नळीत नेमकं काय आहे हे क्रम वाचून तपासलं नव्हतं. आणि २०१२ मध्ये एका औषध कंपनीतल्या संशोधकांनी जाहीर केलं की कर्करोगावरच्या ५३ महत्त्वाच्या शोधनिबंधांपैकी फक्त ६ चे निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळवता आले. या आकड्यावर वाद झाले, होत राहतील. मला त्यातून एक व्यावहारिक गोष्ट दिसते. ज्या निबंधावर तुमचा प्रबंध उभा राहणार आहे, त्यातला मुख्य प्रयोग आधी स्वतःच्या हाताने करून पाहा. त्यात काही महिने जातात. गाईड म्हणतील वेळ कशाला घालवता, तरी करा.

आयुष्य कसं जातं, याचं उत्तर काळाच्या मापात द्यावं लागेल. रास या पेशीला वाढीचा इशारा देणाऱ्या प्रथिनाचं पाहा. १९८२ मध्ये मूत्राशयाच्या कर्करोगाच्या पेशींत रास जनुकाचा एकच बदल सापडला: बाराव्या जागेवरचं ग्लायसीन जाऊन व्हॅलीन. १९८७ मध्ये गॅप नावाचं प्रथिन सापडलं. निरोगी रासला ते जीटीपी (एटीपीसारखाच रेणू, तो धरलेला असेतो रास चालू राहते) फोडायला लावून शांत करतं, आणि बदललेली रास त्याला दाद देत नाही. इतकं स्वच्छ कारण कळूनही औषध मात्र होईना. रास जीटीपीला पिकोमोलर इतक्या अत्यल्प प्रमाणातही सोडत नाही आणि पेशीत जीटीपी शेकडो मायक्रोमोलर असतं. त्या जागेसाठी जीटीपीशी स्पर्धा करणारं औषध बनवणं जवळपास अशक्य. ‘रासला औषध नाही’ हे वाक्य वर्षानुवर्षं चालत राहिलं. २०१३ मध्ये केव्हन शोकाट यांच्या गटाने बाराव्या जागी सिस्टीन आलेल्या रासवर लक्ष दिलं. सिस्टीनच्या गंधकाला रासायनिक बंधाने कायमचा चिकटेल असा लहान रेणू शोधला, आणि त्या रेणूने रासच्या पृष्ठभागावर आधीच्या रचनांत न दिसलेला एक खिसा उघडा केला. त्या वाटेने सोटोरासिब २०२१ मध्ये फुप्फुसाच्या कर्करोगासाठी मंजूर झालं. १९८२ ते २०२१.

त्या एकोणचाळीस वर्षांत रासवर काम करून निवृत्त झालेले पुष्कळ आहेत. त्यांनी जीटीपी सुटण्याचा वेग मोजला, रचना काढल्या, कोणतं प्रथिन रासला कुठे धरतं हे एकेक करून नोंदलं. त्यांच्यापैकी बहुतेकांचं नाव औषधाच्या बातमीत आलं नाही. त्यांच्या मोजमापांशिवाय २०१३ चा प्रयोग रचताच आला नसता. तुम्ही या क्षेत्रात आलात तर बहुधा अशाच कुठल्या तरी मधल्या वर्षांत काम कराल, आणि ते तुम्हाला आतून पटायला हवं. पटत नसेल तर रुग्णांशी रोजचा संबंध येणाऱ्या वाटा आहेत. त्या तितक्याच मोलाच्या आहेत आणि काहींच्या स्वभावाला त्याच जास्त मानवतात.

पीएचडीचा काळ साधारण चार ते सहा वर्षांचा, त्यानंतर पोस्टडॉक, मग स्वतःची लॅब किंवा उद्योगातली जागा. स्वतःची लॅब थोड्यांनाच मिळते, हे आधीच माहीत असलेलं बरं. पीएचडीत एक तंत्र इतकं खोल शिका की इतर लॅबमधले लोक त्यासाठी तुमच्याकडे येतील: एन्झाइम गतिशास्त्र, मास स्पेक्ट्रोमेट्री, क्रायो-इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपी, काहीही. पोस्टडॉकला तंत्र बदला, प्रश्नाचं कुटुंब फार बदलू नका. गाईड निवडताना लॅबच्या निबंधांची यादी पाहण्यापेक्षा तिथून बाहेर पडलेले विद्यार्थी आज काय करतात आणि गाईडबद्दल काय बोलतात ते ऐका. मीटिंगमध्ये नकारात्मक निकाल दाखवणाऱ्या मुलाशी तिथे कसं बोललं जातं हे जमलं तर एकदा बसून पाहा. जिथे नको असलेला निकाल आणणाऱ्याला अपराध्यासारखं वाटतं, तिथे आज ना उद्या कुणीतरी हवा तो निकाल आणून देतो. अशा जागी जाऊ नका, नाव कितीही मोठं असो.

अनुदान मागताना रेणूबरोबर रोगाचंही सांगावं लागतं. ते खोटं ठरणार नाही एवढंच सांगा. ‘या कायनेजचा स्तनांच्या कर्करोगाशी संबंध आहे का हे तपासू’ आणि ‘यातून स्तनांच्या कर्करोगावर उपचार मिळेल’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि वाचणाऱ्यांत रुग्णांचे नातेवाईकही असतात.

प्रश्न कधी सोडायचा, हेही विचारलं जातं. दोन स्वतंत्र पद्धतींनी नकार आला, कंट्रोल (तुलनेसाठी ठेवलेले प्रयोग) शाबूत होते आणि नकाराचं कारणही समजलं, की सोडा. आणि तो नकार छापायचा प्रयत्न करा, म्हणजे दुसऱ्या कुणाची वर्षं वाचतील. नुसतं जमत नाही म्हणून सोडू नका. जमत नाही याचा अर्थ अनेकदा एवढाच असतो की प्रथिन नीट घडी घालत नाहीये किंवा बफरमध्ये जस्त नाहीये.

तुमच्या हातात प्रवेशापूर्वी वर्षभर असेल असं धरून शेवटचं सांगते. संख्याशास्त्र नीट शिका आणि आर किंवा पायथन यांपैकी एकात स्वतःचा आलेख स्वतः काढता येईल इतकी तयारी करा. सिक्वेन्सिंगवाल्यांशी बरोबरीने बोलायला तेवढं पुरतं. आयडीएच-१ चा २००९ चा शोधनिबंध मिळवा आणि एकेका आकृतीसमोर थांबून, पुढचं न वाचता, तुम्ही कोणता कंट्रोल ठेवला असता ते वहीत लिहा. मग त्यांनी कोणता ठेवला ते पाहा. लॅबला ईमेल पाठवाल तेव्हा त्या वहीतली एक नोंद त्यात घाला. मला येणाऱ्या शेकडो अर्जांत ‘मला कर्करोगावर काम करायचं आहे’ असं लिहिलेलं असतं. ‘तुमच्या अमुक निबंधातल्या तिसऱ्या आकृतीत निकामी एन्झाइमची नळी दिसली नाही, ती कुठे आहे?’ असं विचारणाऱ्या अर्जाला मी त्याच दिवशी उत्तर देते.